रुग्णसेवेच्या कामात येऊ का, असं विचारणाऱ्या पोरींसाठी

नव्या पेशंटच्या घरी गेले की मी सगळ्यात आधी त्यांच्या टाचा बघते. मग माकडहाड, दोन्ही खुबे, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू. घरच्यांना नवल वाटतं, की ही बाई आल्या आल्या पांघरूण कशाला काढतीय. पण दवाखान्यातून घरी आणलेला माणूस कसा सांभाळला गेलाय, हे त्याच्या टाचा पहिल्यांदा सांगतात. माणूस तासन्‌तास एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथं रक्त पोचत नाही आणि मांस आतून मरायला लागतं. वरून नुसता लाल डाग दिसतो. त्यावर बोट दाबून सोडायचं. डाग पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर अजून हातात वेळ आहे. लालच्या लाल राहिला, तर बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू झालेला आहे. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून हाताची पाठ लावून ती जागा गरम लागते का, कडक लागते का, तेही बघायचं. हे एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

हे सांगायचं कारण असं, की आमच्या गल्लीतली एक पोरगी परवा मला म्हणाली, “काकी, तुमच्यासारखं ब्युरोत काम मिळंल का? धुणंभांडी करण्यापेक्षा बरं हाय म्हणत्यात.” ब्युरो म्हणजे घरी पेशंट सांभाळायला बाया पुरवणारी एजन्सी. तिच्याआधीही बऱ्याच जणींनी विचारलंय. मी प्रत्येकीला तोंडी सांगत आले, आता लिहूनच ठेवते. कारण “धुण्याभांड्यापेक्षा बरं” एवढंच मनात धरून जी येते, ती पहिल्या पेशंटच्या घरातच धुण्याभांड्याला लागते. आणि मग पेशंटकडं बघायला कुणीच उरत नाही.

मी मूळची तासगाव भागातली. लग्नानंतर हंगामात बेदाण्याच्या शेडवर जायचे. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मिरजेत आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर दिवस काढले. मिरज हे गावच पेशंटचं आहे. डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 साली इथं मिशनचा दवाखाना उभा केला, तेव्हापासून लांबलांबची माणसं इथं येत राहिली. आजही बेळगाव, विजापूर, कोल्हापूर, सोलापूर सगळीकडची गाडी स्टेशनवर रिकामी होते ती दवाखान्यांसाठी. तिथं वॉर्डातल्या सिस्टर सासूबाईंना कूस देताना मी टक लावून बघायचे. एक सिस्टर एवढीशी, पण सासूबाईंसारख्या जड बाईला ती एकटी वळवायची. तिनं एकदा मला जवळ बोलावलं आणि दाखवलं: आधी पेशंटचा लांबचा गुडघा वाकवायचा, लांबचा हात छातीवर घ्यायचा, मग गुडघा आणि खांदा धरून आपल्याकडं ओढायचं. जोर पाठीचा लावायचा नाही, स्वतःचे गुडघे वाकवून मांड्यांचा लावायचा. मी करून बघितलं आणि सासूबाई वळल्या. त्या दिवशी मला कळलं की ह्यात ताकदीपेक्षा रीत आहे, आणि रीत शिकता येते.

सासूबाई गेल्यावर मी कोर्स केला. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ म्हणतात, आम्ही जीडीए म्हणतो. सरकारच्या कौशल्य योजनेतून हा शिकवला जातो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही रुग्ण सहाय्यकाचा कोर्स आहे. कुठलाही घ्या, पण एक गोष्ट बघून घ्या: प्रॅक्टिकल दवाखान्यात, खऱ्या पेशंटवर होतं की नुसतं वर्गातल्या बाहुलीवर. बाहुलीला दुखत नाही, ती लाजत नाही, आणि तोंड मिटून घेत नाही. दवाखान्यात उभं राहायला न मिळता हातात सर्टिफिकेट मिळत असेल, तर तिथं पैसे भरू नका.

कोर्समध्ये काय शिकले ते थोडं सांगते, म्हणजे काम काय असतं त्याचा अंदाज येईल.

अर्धांगवायूच्या माणसाला सदरा घालताना आधी लुळ्या हातात बाही घालायची, मग चांगल्या. काढताना उलट, आधी चांगला हात, शेवटी लुळा. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, सांधा निसटतो आणि मग तो माणूस महिनोन्‌महिने रात्री कण्हत राहतो. घरचे प्रेमानं हात धरून “उठा आबा, उठा” करत असतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नाकातून नळी असेल तर खाणं देताना पाठ उभी हवी, निदान अर्धी बसती, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. लगेच आडवं केलं तर आतलं वर येऊन फुप्फुसात जातं. लघवीची पिशवी नेहमी पेशंटच्या कमरेच्या खाली लटकवायची, पण फरशीला टेकू द्यायची नाही. पेशंटला खुर्चीत घेताना बरेच जण ती पिशवी मांडीवर ठेवतात. लघवी उलटी वर जाते आणि ताप सुरू होतो. गिळायला त्रास असेल तर पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज बरी, हनुवटी छातीकडं झुकवून, एकेक चमचा, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. तोंड रोज आतून पुसायचं, दात नसले तरी.

आणि जे करायचं नाही, तेही तेवढंच घट्ट शिकायचं. नळी घालणं, सलाईन लावणं, इंजेक्शन टोचणं हे आपलं काम नाही. घरचे म्हणतात, “तुम्हाला येतंय की, टोचा की.” येत असलं तरी नाही. ते नर्सचं काम आहे, तिनं त्यासाठी वर्षं घातलेली आहेत. ह्या बाबतीत मी आजवर कुणाची भीड ठेवलेली नाही.

आता वहीबद्दल. माझ्या मते आपल्या कामाचा कणा वही आहे. बाजारातली साधी दोनशेपानी वही. त्यात तारीख, वेळ, कुठल्या कुशीवर ठेवलं, किती पाणी गेलं, किती लघवी झाली आणि तिचा रंग, संडास झाली का, ताप, बीपी, कुठली गोळी किती वाजता दिली, खाताना ठसका लागला का. सकाळी ड्युटी बदलताना दुसऱ्या बाईनं ती वही वाचून सही करायची. मी ज्या घरी जाते तिथं पहिल्या दिवशी वही मागवते.

सांगलीच्या विश्रामबागेत एका आजींकडं मी होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पण डोकं एकदम तल्लख, नातवाचे पाढे घ्यायच्या. एका संध्याकाळी त्या अचानक वारलेल्या बहिणीला हाका मारायला लागल्या. मला ओळखेनात. कोपऱ्याकडं बोट करून “त्या बाईला बसायला दे” म्हणायला लागल्या. घरात एकदम धावपळ. कुणी म्हणालं वय झालं, असं होणारच. शेजारची एक बाई तर लिंबू उतरून टाका म्हणाली. मी वही काढली. दोन दिवस पाणी कमी गेलेलं होतं, लघवी निम्म्यावर आलेली, आणि रात्रीच्या ड्युटीवालीनं “गढूळ, वास” असं लिहून ठेवलेलं. ताप मात्र नव्हता. म्हाताऱ्या माणसांना लघवीचं इन्फेक्शन झालं की कधी कधी ताप येतच नाही, आधी डोकंच भरकटतं. हे मला वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी शिकवलं होतं. मी सूनबाईंना म्हटलं, “वहिनी, डॉक्टरांना फोन लावा आणि ह्या दोन ओळी वाचून दाखवा.” तपासणीत इन्फेक्शनच निघालं. औषधं सुरू झाली, पाणी वाढवलं, आणि काही दिवसांत आजी पुन्हा सतराच्या पाढ्यावर आल्या. बेदाणा निवडताना सरकत्या ढिगातून एक काळा दाणा नजरेला टोचतो ना, तसंच हे आहे. पण नजरेला टोचलेलं कागदावर उतरलं नसतं, तर त्या रात्री नुसती लिंबं उतरत बसलो असतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये, महापुराच्या वेळी, मी सांगलीच्या गावभागात 24 तासांच्या ड्युटीवर होते. पेशंट आबा, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद, एअर बेडवर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फुटांची; त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेलं. 2005 चा पूर बघितलेली माणसं “एवढं येत नाही, पायरीपर्यंत येतंय” म्हणत बसली आणि पाणी पायरी ओलांडून आत आलं. आबांना आम्ही चादरीत घेऊन वरच्या मजल्यावर नेलं, चार कोपऱ्यांना चौघं, उजवा हात टॉवेलनं छातीशी बांधून. मग वीज गेली. एअर बेडची हवा ही पंपावर चालते. वीज गेली की तो हळूहळू बसतो आणि माणूस खालच्या फळीवर येतो. लोकांना वाटतं एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज नाही. वीज असली तरी गरज असतेच, नसली की तर सगळं हातावरच. मी घड्याळ उशाशी ठेवलं, घरातल्या उश्या आणि लुगडी गोळा केली, पोटऱ्यांखाली घडी देऊन टाचा अधांतरी ठेवल्या आणि दर दोन तासांनी आबांना वळवत राहिले. आबांच्या पत्नीला साखर होती, त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. ते डबीत घालून, डबी माठात पाण्याला न लागेल अशी टांगून ठेवली. वही, फाईल, गोळ्यांच्या चिठ्ठ्या सगळं दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत बांधलं.

बोट आली तेव्हा जवान आबांना काखेत धरून उचलायला निघाले. मी ओरडलेच, “दादा, काखेत नको, खुर्ची द्या!” प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, पोटावरून लुगड्यानं बांधून आबा खिडकीच्या कट्ट्यावरून बोटीत उतरले. जवानांनी माझं ऐकलं, दोन मिनिटं थांबले, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. विश्रामबागेत नातेवाइकांकडं पोचल्यावर मी आबांच्या टाचा बघितल्या. कोरड्या होत्या, डाग नव्हता. मला त्या दिवशी कुणी शाबासकी दिली असती तरी एवढं समाधान झालं नसतं.

हे वाचून कुणाला वाटेल की फार मोठं काम आहे. आहेच. पण आता दुसरी बाजूही सांगते, कारण पोरींनी डोळे उघडे ठेवून यावं असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट ब्युरोची. काम बहुतेक ब्युरोमार्फत मिळतं आणि ब्युरो आपलं कमिशन कापतो. किती कापणार, पहिल्या महिन्यातच की दर महिन्याला, पगार पेशंटकडून आपल्या हातात येणार की ब्युरोकडून, पेशंट मधेच वारला किंवा दवाखान्यात गेला तर उरलेल्या दिवसांचं काय, हे सगळं हो म्हणण्याआधी विचारा. मी एका ठिकाणी काम केलं तिथं पेशंट गेल्यावर महिन्याचा हिशेब मिळायला चपला झिजल्या. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच वहीच्या शेवटच्या पानावर पगार आणि सुट्टी लिहून घरच्यांची सही घेते. कुणी नाराज होत नाही. ज्याला द्यायचंय तो सही करतो.

24 तासांची ड्युटी म्हणजे 24 तास जागं राहणं नव्हे, हेही आधीच बोलून घ्यावं लागतं. रात्री पेशंट दर दोन तासांनी उठवत असेल, तर दुपारी सलग झोप मिळाली पाहिजे, आणि त्या वेळात घरच्यांपैकी कुणीतरी पेशंटजवळ बसलं पाहिजे. झोप न झालेली बाई पेशंटला पाडते. आपल्या आरामासाठी मागतोय म्हणून लाजायचं कारण नाही.

दुसरी, कामाची हद्द. पेशंटचे कपडे, पेशंटचं अंथरूण, पेशंटचं जेवण, पेशंटची खोली हे माझं. घरातली बाकीची भांडी, फरशी, पाहुण्यांचा चहा माझा नाही. “मावशी, जरा तेवढं करशीला का?” असं गोड बोलून सुरुवात होते. मीही गोडच सांगते, “करीन ओ वहिनी, पण मी ओट्याशी असताना आबांना ठसका लागला तर?” बहुतेकांना पटतं.

तिसरी गोष्ट लिहिताना अजूनही राग येतो. काही घरांत आपल्यासाठी वेगळा कप, वेगळी ताटली, मोरीजवळ ठेवलेली. त्यांच्या आईचं सगळं ह्या हातांनी करायचं, आणि त्याच हातांना त्यांचा कप चालत नाही. काही ठिकाणी तर आडनाव विचारून मग बाई ठेवतात. मी अशा घरी विचारते, “मी आजींना ज्या वाटीतून भरवते ती वाटी चालते ना?” उत्तर मिळालं नाही तर मी ब्युरोला फोन करून बदली मागते. बदली मागायचा आपल्याला अधिकार आहे. पैशाची नड असताना ते सोपं नसतं, मला माहीत आहे. तरी मागा.

आणि अंगचटीला यायचा प्रकार कुणी केला, पेशंट असो नाहीतर घरातला कुणी, तर गप्प बसू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरात काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक तक्रार समिती असते, जिल्हाधिकारी कार्यालयात तिची चौकशी करा. पुरुष पेशंटच्या अंघोळीला मामा, म्हणजे हेच काम करणारा पुरुष, मागा. आमच्या सांगली-मिरजेत आता शिकलेले मामा मिळायला लागलेत, आणि मला त्याचा फार आनंद आहे. हे काम बायकांचंच, असं कुठं लिहिलेलं नाही.

अंघोळीचं निघालं म्हणून एक सांगते. अंथरुणावर अंघोळ घालताना पूर्ण अंग कधीच उघडं ठेवायचं नाही. एक हात धुवायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. दार लावायचं. काय करणार ते आधी बोलायचं, “आजी, आता पाठ पुसते हं.” बेशुद्ध असल्या तरी बोलायचं. एका आजींनी आयुष्यात डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. त्यांच्या सुनेला वाटायचं, आता काय कळतंय त्यांना. मी अंघोळीनंतर पदराएवढा एक सुती तुकडा त्यांच्या डोक्यावरून घ्यायचे. त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मिरजेत कानडी पेशंट खूप, म्हणून मी थोडं कानडी शिकले: ‘नोवु’ म्हणजे दुखतंय, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘साकु’ म्हणजे पुरे. एवढ्या तीन शब्दांवर माणूस निम्मा शांत होतो.

पेशंट जातात. ह्या कामात ते धरूनच चालावं लागतं, पण सवय होते असं जे म्हणतात ते मला पटत नाही. ब्युरोचा फोन दुसऱ्याच दिवशी येतो, नवा पत्ता सांगतात. मी दहाव्याला जमेल तेव्हा जाऊन येते. कुणी बोलावलेलं नसतं तरी जाते, मागं बसते.

पुढं काय, असं विचारशील तर, वाट आहे. बारावी झालेली असेल तर नर्सिंगचा दोन वर्षांचा एएनएम कोर्स करता येतो, त्याच्या वरचा जीएनएम तीन वर्षांचा. आमच्यातली एक जण रात्रीची ड्युटी करत बारावीचा फॉर्म भरून पास झाली आणि आता एएनएमला आहे. तिच्याकडं बघितलं की मला अभिमान वाटतो. असंघटित कामगारांसाठी ई-श्रमची नोंदणी 2021 पासून सुरू आहे. आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन नोंदणी केली की 12 आकडी नंबरचं कार्ड मिळतं. ते काढून ठेव. त्यानं लगेच काही हातात पडत नाही, पण आपण कुठल्यातरी यादीत तरी असलो पाहिजे. आज आपण पगारी कामगारही नाही आणि दवाखान्याचा स्टाफही नाही. पेन्शन नाही, बाळंतपणाची रजा नाही, कंबर गेली तर औषधपाणी स्वतःचं. सांगलीत मुलं पुण्या-मुंबईला आणि परदेशात, आणि घरात दोघं म्हातारे, अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. त्यांना सांभाळणाऱ्या बायकांचं किमान वेतन आणि कामाचे तास सरकारनं ठरवून द्यावेत, असं मला ठामपणे वाटतं, आणि जिथं मिळेल तिथं मी ते बोलणार.

त्या पोरीला मी सांगितलंय, या आठवड्यात माझ्याबरोबर एक दिवस चल. सध्या मी ज्या घरी जाते तिथल्या आजी-आजोबांची परवानगी मी घेतलीय. दहावीचं मार्कलिस्ट आणि आधारची झेरॉक्स घेऊन ये, परत येताना कोर्सची चौकशी करू. नखं कापून ये, बांगड्या काढून ये, केस बांधून ये. तिच्या आईनं विचारलं, “दिवसाचं किती मिळणार?” त्या दिवसाचं काहीच नाही, असं मी स्पष्ट सांगितलंय. तरी सकाळी साडेसातच्या बसला ती येते म्हणालीय.